सोबत आलेली नणंद: फर्नांडिस–बेक प्रकरणाचा अभ्यास

जेनेट फे यांना टाइप करता येत नव्हतं आणि त्यांच्याकडे टाइपरायटरही नव्हता. जानेवारी १९४९ मध्ये त्यांच्या नावाने टाइप केलेली पत्रं अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरात त्यांच्या घरच्यांना आली. आपण मजेत आहोत, काळजी करू नका, असा त्यांचा सूर होता. मजकुरात खटकण्यासारखं काही नव्हतं, पण आपली आई हातानेच पत्र लिहिते हे सावत्र मुलीला पक्कं ठाऊक होतं. तिने पोलिसांना कळवलं.

फे बाई ६६ वर्षांच्या विधवा होत्या, देवधर्म मनापासून करणाऱ्या कॅथलिक. नवीन वर्षाच्या तोंडावर चार्ल्स मार्टिन नावाचा गृहस्थ त्यांना भेटायला आला होता. ओळख पत्रांतून झालेली. त्याने लग्नाचं विचारलं, बाईंनी होकार दिला, बँकेतले पैसे काढले आणि त्याच्याबरोबर न्यूयॉर्कजवळच्या लॉंग आयलंडला त्याच्या घरी राहायला गेल्या. लग्नाआधीच. त्या काळात, त्या वयात, त्या वळणाची बाई असं का करेल, हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. त्याचं उत्तर सरळ आहे. मार्टिन एकटा आला नव्हता. त्याच्यासोबत त्याची बहीण होती.

ही बहीण म्हणजे मार्था बेक, आणि मार्टिन म्हणजे रेमंड फर्नांडिस. भाऊबहीण नव्हते, प्रेमी होते. अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘लोन्ली हार्ट्स किलर्स’, म्हणजे एकाकी जिवांचे मारेकरी, हे नाव दिलं आणि पुढे त्याच नावाने ते ओळखले गेले. त्यांच्यावर लिहिलं गेलंय भरपूर, आणि बहुतेक लिखाणात फर्नांडिसच्या मोहिनीची चर्चा असते: तो दिसायला कसा होता, बोलायला कसा गोड होता, पत्रं कशी लिहायचा. ते सगळं खरं असेल. पण नुसत्या गोड बोलण्याने जी दारं त्याला उघडली नसती, ती सोबतच्या बहिणीमुळे उघडली. आणि फसवणुकीचा हा धंदा खुनांपर्यंत गेला तोही तिच्यामुळेच. एकाच माणसाने दोन्ही कामं केली, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

तो आणि ती

रेमंड मार्टिनेझ फर्नांडिसचा जन्म १९१४ मध्ये हवाईत, स्पॅनिश आईबापांच्या पोटी. वाढला अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये. तरुणपणी स्पेनला गेला, तिथे लग्न केलं, चार मुलं झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात अमेरिकेकडे येताना जहाजावर अपघात झाला. एक जड लोखंडी झाकण त्याच्या डोक्यावर आदळलं, कवटी फुटली, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. काही महिने तो रुग्णालयात होता. त्याच्या ओळखीच्या लोकांच्या मते बाहेर आला तो माणूसच वेगळा होता. पाठोपाठ चोरीपायी वर्षभर तुरुंगवास झाला. कोठडीतल्या जोडीदाराकडून त्याने वूडूची, जारणमारणाची विद्या उचलली, आणि बायका आपल्या मुठीत येतात ते या शक्तीमुळे, असं तो पुढे मानू लागला.

डोक्याची जखम आणि नंतरचे गुन्हे यांची सांगड घालायचा मोह होतो. मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की स्वभाव बदलू शकतो, मनावरचा लगाम सैल होऊ शकतो, हे वैद्यकात मान्य आहे. पण फर्नांडिसच्या गुन्ह्यांत उतावळेपणा कमी आणि चिकाटी जास्त दिसते. एकाच वेळी अनेक बायकांशी पत्रव्यवहार ठेवायचा, प्रत्येकीला कोणतं नाव आणि कोणती हकीगत सांगितली ते लक्षात ठेवायचं, तिची मालमत्ता कुठे आणि किती याचा अंदाज घ्यायचा, हे लगाम सुटलेल्या माणसाचं काम नाही. इथे जखमेवर फार भार टाकू नये असं मला वाटतं.

मार्थाचा जन्म १९२० च्या सुमारास फ्लोरिडातल्या मिल्टन गावी झाला. लहानपणापासून अंगाने स्थूल, म्हणून चिडवणं पाचवीला पुजलेलं. सख्ख्या भावाने आपल्यावर अत्याचार केला, असं तिने नंतर सांगितलं. नर्सिंगचं शिक्षण चांगल्या रीतीने पुरं केलं, पण शरीराकडे बघून कोणी नोकरी देईना. काही काळ तिने प्रेतं अंत्यसंस्कारासाठी तयार करणाऱ्याच्या हाताखाली काम केलं. मग कॅलिफोर्नियात लष्करी रुग्णालयात नोकरी लागली, तिथे एका माणसापासून दिवस गेले, त्याने लग्नाला नकार दिला. गावी परतल्यावर तिने सांगितलं की नवरा सैन्यात होता, पॅसिफिकमध्ये कामी आला. गावाने हळहळ व्यक्त केली. नंतर एका बस ड्रायव्हरशी लग्न झालं आणि लवकरच मोडलं. त्याच्यापासून दुसरं मूल झालं. १९४६ मध्ये पेन्साकोलात मुलांच्या रुग्णालयात तिला नोकरी मिळाली आणि हातात दोन पैसे आले.

मेलेल्या सैनिकाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अडचणीतून सुटण्यासाठी एक नातं रचायचं, लोक ते मानतात, उलट सहानुभूती दाखवतात, हे मार्थाला फर्नांडिस भेटण्याआधीच उमगलं होतं. पुढे ती बहीण झाली तेव्हा तिला हे नवं नव्हतं.

पत्रांचा धंदा

तेव्हा अमेरिकेत एकट्या स्त्री-पुरुषांच्या ओळखी करून देणारे क्लब होते. वर्गणी भरायची, आपली माहिती द्यायची, मग क्लब इतरांची नावं-पत्ते पुरवणार. पत्ता घेणारा खरोखर कोण आहे, त्याचं आधी लग्न झालंय का, तो सांगतो तो धंदा करतो का, हे कोणी तपासत नसे. युद्ध संपलं होतं, विधवांची आणि एकट्या पडलेल्या बायकांची संख्या मोठी होती. पतीच्या विम्याचे, पेन्शनचे, घराचे पैसे त्यांच्या नावावर होते. पत्ता सोडून दुसरं काही कळायच्या आत दारात माणूस उभा राही.

या मार्गाचा गैरवापर नवा नव्हता. फ्रान्समध्ये आंरी लांद्रूने पहिल्या महायुद्धाच्या काळात लग्नाच्या जाहिराती देऊन बायकांना जाळ्यात ओढलं. दहा बायका आणि एक मुलगा यांच्या खुनाबद्दल १९२२ मध्ये व्हर्सायला त्याचा शिरच्छेद झाला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या क्वाएट डेल इथे १९३१ मध्ये हॅरी पॉवर्सने दोन बायका आणि तीन मुलं मारल्याचं उघड झालं. त्यालाही बायका सापडल्या त्या विवाहसंस्थेच्या यादीतून. पण लांद्रू आणि पॉवर्स सावजासमोर एकटेच जात. त्यांना सगळं स्वतःच पटवावं लागे.

फर्नांडिसही सुरुवातीला एकटाच होता. पत्र लिहायचं, भेटायला जायचं, पैसे, दागिने, चेक उचलायचे आणि नाहीसं व्हायचं. फसलेल्या बायका गप्प राहत. पोलिसांत जायचं तर आपण अनोळखी माणसाला पत्रं लिहिली, घरात घेतलं, लग्नाची स्वप्नं पाहिली, हे चार लोकांसमोर बोलावं लागणार. गेलेल्या पैशांपेक्षा ते जास्त लागायचं. फर्नांडिसचा धंदा या लाजेवर चालला होता, आणि लाजेवर चालणाऱ्या धंद्याला खुनाची गरज पडत नाही. पैसे घ्यायचे, निघून जायचं, ती बोलणार नाही.

तरी तेव्हाही एक मृत्यू झाला होता. १९४७ मध्ये जेन टॉम्पसन नावाच्या बाईला घेऊन तो स्पेनला गेला. तिथे त्याची कायदेशीर बायको होती. त्याने या दोघींची गाठही घालून दिली. टॉम्पसनबाई तिथल्या हॉटेलात मरण पावल्या. मृत्यू संशयास्पद ठरला, तोवर फर्नांडिस अमेरिकेत परतला होता. मग टॉम्पसनबाईंचं म्हणून एक मृत्युपत्र दाखवून तो न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरात जाऊन राहिला. त्यांची म्हातारी आई तिथेच राहत होती. त्यामुळे मार्था येण्याआधी तो निरुपद्रवी भामटा होता, असं मी म्हणणार नाही. पण त्या एका घटनेची पुढे साखळी झाली ती मार्था आल्यावर.

१९४७ मध्ये मार्थाने अशाच एका क्लबात नाव नोंदवलं आणि फर्नांडिसचं पत्र आलं. त्याने तिच्या केसांची बट मागवली, वूडूसाठी. वर्ष सरता सरता तो पेन्साकोलाला येऊन गेला. तिच्याकडे घेण्याजोगं फार नाही हे पाहून परत गेला. इतर बायका तिथे थांबल्या असत्या, मार्था थांबली नाही. नोकरी गेल्यावर ती दोन मुलांना घेऊन थेट न्यूयॉर्कला त्याच्या दारात उभी राहिली. तो म्हणाला, मुलं नकोत. २५ जानेवारी १९४८ रोजी तिने पोटची दोन्ही मुलं सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या आश्रयात सोडली आणि त्याच्याकडे राहायला गेली. मग त्याने आपला धंदा तिला सांगितला. ती हादरली नाही. मदत करते म्हणाली.

बहिणीचा उपयोग

आपल्याकडे स्थळ आलं की मुलगा एकटा कधी येत नाही. मामा, आत्या, थोरली बहीण, कोणीतरी सोबत असतंच. मुलाकडची माणसं पाहिली की घराण्याचा अंदाज येतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतही तेव्हा मनातला हिशोब याहून फार वेगळा नव्हता. ज्या पुरुषाची बहीण त्याच्यासोबत आहे, जी नर्स आहे, पोक्त बोलते, घरात आल्याबरोबर स्वयंपाकघरात मदत करू लागते, तो पुरुष लफंगा असेल असं मनात येत नाही. बहीण असली की शेजारी कुजबुजत नाहीत. अनोळखी पुरुषाला मुक्कामाला ठेवता येतं, त्याच्या घरी मुक्कामाला जाता येतं. मार्थाने फर्नांडिसला दिली ती ही परवानगी. पत्रांनी तो दारापर्यंत पोहोचत होता. रात्रभर आत राहायची सोय तिच्यामुळे झाली.

पण तिची एक अट होती. तो त्या बायकांना हात लावणार नाही.

इथेच घोळ झाला. लग्नाची फसवणूक चालायची तर निदान चार दिवस लग्नासारखं वागावं लागतं. नवरीला काही दिवस नवरी वाटलं पाहिजे, मगच ती सह्या करते, विम्यावर नाव बदलते, खातं मोकळं करते. मार्थाला ते चार दिवसही सोसवत नव्हते. १९४८ च्या सुरुवातीला त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. त्याने विमा आणि पेन्शनच्या कागदांवर सह्यांचा तगादा लावला तेव्हा तिला संशय आला आणि ती निघून गेली. मोटार आणि काही पैसे गेले, जीव वाचला. आपल्याला ही बाई आठवतही नाही, कारण ती मेली नाही. खरं तर या प्रकरणातली सगळ्यात शहाणी व्यक्ती तीच. कागदांची घाई दिसली की उठून चालू लागायचं, हे तिने नवेपणाच्या भरात असतानाही केलं.

ऑगस्ट १९४८ मध्ये फर्नांडिसने आर्कान्सातल्या मर्टल यंग या बाईशी शिकागोजवळ लग्न केलं. त्या मुक्कामात मार्था नव्या नवरीशेजारी झोपत असे. नणंद म्हणून. नवरीने तक्रार केली, मोठं भांडण झालं. तिला झोपेच्या औषधाचा मोठा डोस देण्यात आला आणि अर्धवट शुद्धीत असताना लिटल रॉकच्या बसमध्ये बसवून देण्यात आलं. तिथे उतरवताना तिला उचलावं लागलं. ती तिथेच मरण पावली. पैसे दोघांनी आधीच घेतले होते. या मृत्यूबद्दल कोणावरही खटला चालला नाही.

पैसे आधीच मिळाले होते, हे लक्षात ठेवावं. धंद्याच्या हिशोबाने नवरीला गुंगीचं औषध देण्याचं काही कारण नव्हतं. फर्नांडिस नेहमीप्रमाणे नाहीसा झाला असता तर मर्टल यंग घरी जाऊन बहुधा गप्पच बसल्या असत्या. मत्सराने धंद्याचा कायदा मोडला.

ऑल्बनी, मग मिशिगन

फे बाईंच्या बाबतीत तेच पुन्हा झालं, अधिक उघड. फर्नांडिसने त्यांचा धार्मिक कल ओळखून पत्रं त्या भाषेत लिहिली. डिसेंबर १९४८ अखेर तो फुलं घेऊन ऑल्बनीला गेला. बहीण सोबत. काही दिवसांत बाईंच्या खात्यातून सहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम निघाली. तिघं लॉंग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीम इथल्या घरी आली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मार्थाने त्यांच्या डोक्यात हातोडा घातला आणि फर्नांडिसने गळा आवळला. आपण दोघांना एकत्र पाहिलं आणि पुढचं आठवत नाही, असं मार्था म्हणाली. मृतदेह पेटीत घालून काही दिवस ठेवला, मग न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भाड्याने घेतलेल्या घराच्या तळघरात पुरून वर सिमेंट ओतलं.

त्यानंतर ती टाइप केलेली पत्रं. नात्यांची नक्कल करण्यात मार्था तरबेज होती, पण अक्षराची नक्कल करणं जमणार नाही म्हणून यंत्र वापरलं, आणि तिथेच चुकली.

पुढचा मुक्काम मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरालगतच्या वायोमिंग भागात. डेल्फीन डाउनिंग ही विधवा तिथे आपल्या दोन वर्षांच्या मुलीसोबत राहत होती. चार्ल्स मार्टिन आणि त्याची बहीण तिच्या घरी पाहुणे म्हणून आले आणि काही आठवडे राहिले. एका तरुण विधवेने शेजारपाजाराच्या डोळ्यांदेखत परपुरुषाला घरात ठेवणं केवळ बहिणीमुळे शक्य झालं. फर्नांडिस केसांचा टोप घालत असे. त्याच्या टकलावर अपघाताचा व्रण होता. एकदा डाउनिंगने त्याला टोपाशिवाय पाहिलं आणि आपल्याला फसवलंय म्हणून ती संतापली. तिला शांत करायला मार्थाने झोपेच्या गोळ्या दिल्या. मुलगी रडू लागली तेव्हा मार्थाने तिचा गळा दाबला, खुणा उठल्या. आई जागी होऊन खुणा पाहील या भीतीने फर्नांडिसने डाउनिंगला तिच्याच मृत पतीच्या पिस्तुलाने गोळी घातली. दोन दिवस ते पोर आईसाठी रडत राहिलं. मग मार्थाने त्याला पाण्यात बुडवून मारलं. दोघींना तळघरात पुरलं.

या मुलीबद्दल लिहिताना हात थांबतो. मार्था स्वतः दोन मुलांची आई होती, मुलांच्या रुग्णालयात नोकरी केलेली परिचारिका होती. तिचं बालपण, तिच्यावरचे अत्याचार, नोकरीच्या दारात झालेला अपमान, हे सगळं मी वर लिहिलं ते खरं असेल तर कळवळा येण्यासारखंच आहे. पण त्या कळवळ्याने या एका कृत्याचं ओझं तसूभरही हलकं होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

आई आणि मुलगी दिसेनाशा झाल्या म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं. २८ फेब्रुवारी १९४९ रोजी पोलीस दारात आले. ऑल्बनीत सावत्र मुलगी, मिशिगनमध्ये शेजारी. दोन्हीकडे संशय घेतला तो त्या बायकांच्या रोजच्या सवयी माहीत असलेल्या लोकांनी. क्लबांच्या यादीत त्यांची नावं, वय, सांपत्तिक स्थिती होती, पण त्या हाताने पत्र लिहितात की टाइप करतात हे त्या यादीत नव्हतं. लग्नाच्या फसवणुकीत सावजाला आपल्या माणसांपासून दूर नेण्याची घाई का असते, ते इथे कळतं. फे बाईंना लॉंग आयलंडला नेलं, मर्टल यंगना शिकागोला. डाउनिंगच्या बाबतीत मात्र दोघं तिच्याच गावात, तिच्याच घरात राहिले, आणि तिथे पकडले गेले.

आपल्याकडची बनावट मावशी

हे प्रकरण अमेरिकेचं आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचं आहे. तरी त्यातली रचना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांतून गेली काही वर्षं बनावट नवरीच्या बातम्या येत आहेत. लग्न लांबलेला शेतकरी मुलगा, मध्यस्थ, दीड-दोन लाखांची मागणी, एखाद्या देवळात घाईने लागलेलं लग्न, आणि काही दिवसांत दागिने घेऊन नवरी पसार. बहुतेक प्रकारांत नवरी एकटी नसते. तिची म्हणून एक मावशी असते, एक मामा किंवा भाऊ असतो, मध्यस्थ असतो. आईबाप नाहीत, मावशीनेच वाढवलं, अशी हकीगत असते. ही माणसं भाड्याची असतात. मुलाच्या घरच्यांना खात्री वाटते ती नवरीकडे बघून नव्हे, या मावशीकडे बघून.

या फसवणुकीमागे एक जुनं पाप आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांच्या जागी आज मध्यस्थ मुली विकतो म्हणतो, आणि त्यातल्या काही नवऱ्या स्वतःच कोणाच्या तरी दबावाखाली या टोळीत असतात. शेतीत भागत नाही म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही, हा दुसरा पदर. फसलेल्या घराची चूक एवढीच असते की तिथे घाई होती.

तक्रारीचं कोडंही तेच. ‘पोराला नवरी मिळेना म्हणून विकत आणली आणि तीही पळाली’ असं गावात होईल, या भीतीने कित्येक घरं पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. कायदा अपुरा नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, दुसरंच कोणी असल्याचं भासवून फसवण्यासाठी ३१९, आधीचं लग्न असताना केलेल्या लग्नासाठी ८२. त्यातही पहिलं लग्न लपवलं असेल तर शिक्षा अधिक. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांनी नोंदणी करणाऱ्यांची ओळख तपासावी, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढली. पण ओळखपत्र तपासल्याने नवरा किंवा नवरी खरी आहे एवढंच कळतं. सोबतची मावशी खरी आहे का, हे कोणतंही संकेतस्थळ तपासत नाही. ते काम जुन्या पद्धतीनेच होतं: मावशीच्या गावी जायचं, तिच्या आळीत विचारायचं, पाहुण्यांच्या पाहुण्यांना फोन करायचा. आठवडाभर लग्न थांबवायला समोरचे तयार नसतील तर तिथेच थांबायचं. गावोगावच्या वधू-वर सूचक मंडळांनी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन नातेवाइकांची नावं, गाव आणि फोन नोंदवून स्वतः चौकशी केली, तर त्यांच्या वर्गणीला खरा अर्थ येईल. हे काम खर्चाचं नाही, चिकाटीचं आहे.

खटला

मिशिगनने खुनासाठीची फाशी १८४६ मध्येच रद्द केली होती. न्यूयॉर्कमध्ये विजेची खुर्ची होती. आपल्याला न्यूयॉर्कच्या ताब्यात देणार नाहीत, अशा समजुतीत फर्नांडिसने पकडल्यावर लगेच सविस्तर जबाब दिला. त्यात फे बाईंच्या खुनाचाही समावेश होता. तो जबाब हाती आला, न्यूयॉर्कने दोघांची मागणी केली आणि त्यांना तिकडे पाठवण्यात आलं. पुढे फर्नांडिसने जबाब फिरवला. मार्थाला वाचवण्यासाठी आपण ते सगळं बोललो, असं तो म्हणू लागला. न्यायालयाने ते मानलं नाही.

खटला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात जून १९४९ अखेर सुरू झाला. न्यायाधीश होते फर्डिनांड पेकोरा. शेअर बाजार कोसळल्यानंतर वॉल स्ट्रीटच्या बँकांची सिनेटतर्फे चौकशी करून नावारूपाला आलेले तेच पेकोरा. बचावाचा रोख वेडावर होता. आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, हे आरोपींना कळत होतं का, ही त्या काळची कसोटी. टाइप केलेली पत्रं, भाड्याने घेतलेलं घर, ओतलेलं सिमेंट, या सगळ्यासमोर वेडाचा बचाव टिकणं अवघड होतं. मत्सराच्या झटक्यात हातोडा उचलला असेल, पण तळघर शोधायला झटका पुरत नाही.

वर्तमानपत्रांनी मात्र खटल्याचा तमाशा केला. मार्थाच्या वजनावर मथळे काढले, तिच्या कपड्यांवर, ओठांच्या रंगावर लिहिलं. साक्षीला जाताना तिने फर्नांडिसकडे धाव घेऊन त्याचं चुंबन घेतलं, ते पानभर छापलं. तिने वर्तमानपत्रांना पत्रं लिहून तक्रार केली. पुढे या जोडीवर अमेरिकेत, मेक्सिकोत, युरोपात गुन्हेपट निघाले. सगळ्यांना रस त्या दोघांच्या वेड्या प्रेमात. एका अमेरिकी चित्रपटात तर मार्थाच्या भूमिकेत एक सडपातळ, देखणी नटी घेतली. म्हणजे जिच्या आयुष्याला शरीरावरून झालेल्या अपमानाने वळण दिलं, तिचं शरीरच कथेतून काढून टाकलं. आणि फे बाई, मर्टल यंग, डेल्फीन डाउनिंग पडद्यावर बऱ्याचदा भोळ्या, हास्यास्पद म्हाताऱ्या किंवा उतावीळ बायका म्हणून येतात. त्या तशा नव्हत्या. त्यांनी एकट्या आयुष्याला सोबत शोधली, आणि समोरून आलेल्या कुटुंबावर विश्वास ठेवला. यापेक्षा वेगळं लग्नाच्या वेळी कोण काय करतं?

१८ ऑगस्ट १९४९ रोजी ज्युरीने दोघांना दोषी ठरवलं, चार दिवसांनी मृत्युदंड झाला. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. ८ मार्च १९५१ रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर मारण्यात आलं.

शिक्षा झाली ती फक्त जेनेट फे यांच्या खुनासाठी. सतरा-वीस बळींचा आकडा अनेक ठिकाणी छापला जातो, पण दोघांनी ते कधी मान्य केलं नाही आणि न्यायालयात त्याची शहानिशा झाली नाही. टॉम्पसनबाईंचा मृत्यू स्पेनमध्ये, मर्टल यंग यांचा आर्कान्सात, दोन्ही कागदोपत्री तसेच राहिले. ज्या आई-मुलीमुळे हे सगळं उघडकीस आलं, ज्यांचे मृतदेह आधी सापडले, ज्यांच्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, त्या डेल्फीन डाउनिंग आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलीच्या खुनाचा खटला मिशिगनमध्ये कधीच उभा राहिला नाही.